मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांना आहार शिकवायचाय, तक्त्यापलीकडे काय करता येईल?

पाटीपेन्सिल:
सहा-सात वर्षांची 30 मुलं, 35 मिनिटांच्या चार तासिका. कर्बोदके, प्रथिने, जीवनसत्त्वे असा तक्ता मुलं घडाघडा म्हणतात, पण बटाट्यात काय असतं विचारलं की गप्प. शिवाय ‘चांगलं अन्न’ आणि ‘वाईट अन्न’ अशा दोन रकान्यांत चित्रं चिकटवून घेतली, तर आता मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यांकडे बोट दाखवून ‘तुझं वाईट, तुझं वाईट’ सुरू आहे. वर्गात गॅस नाही. हातांनी करण्यासारखं काही सुचवा. प्रमाण आणि कुठे फसतं, तेही हवंय.

चमचाभर:
ताई, आधी ते रकाने भिंतीवरून उतरवा. ‘वाईट अन्न’पासून ‘ते खाणारा वाईट’ इथवर या वयाची मुलं सहज पोचतात, आणि डबा तर ती स्वतः भरत नाहीत. ‘रोजचं’ आणि ‘कधीतरीचं’ एवढे दोन शब्द पुरतात. कुणाच्या डब्यावर बोलायचं नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू.

तक्ता डोक्यात राहत नाही कारण प्रथिनं दिसत नाहीत. दिसण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, तेल आणि स्टार्च. तिथून सुरुवात करा.

तेलासाठी वहीचा साधा कागद घ्या. गुळगुळीत छपाईचा चालत नाही, तो शोषत नाही. चार चौकोन आखा: एकात पाण्याचा थेंब, एकात तेलाचा, एकात ठेचलेला शेंगदाणा चोळायचा, एकात काकडीचा काप. मुलं लगेच कागद उजेडात धरतात आणि इथेच फसतं, कारण ओला डागही पारदर्शकच दिसतो. म्हणून तासिकेच्या सुरुवातीला डाग पाडा आणि शेवटी खिडकीसमोर धरा. तोवर पाणी वाळलेलं असतं, तेलातून मात्र उजेड येत राहतो.

स्टार्चसाठी जखमेवर लावतात ते 5 टक्क्यांचं पोव्हिडोन-आयोडीन. फेस येणारं, हात धुवायचं घेऊ नका. एक भाग औषधाला दहा भाग पाणी, रंग फिक्या चहासारखा हवा. दाट राहिलं तर त्याच्याच तपकिरी रंगात निळा दिसत नाही. कापलेला बटाटा, पाव, काकडी, पिकलेलं सफरचंद अशा तुकड्यांवर एकेक थेंब: पहिले दोन निळे-काळे होतात, बाकीचे जवळपास तसेच. शिजवलेला पदार्थ घेतलात तर पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना तो रंग टिकत नाही.

सगळ्यात बोलकं असतं ते केळं. एक हिरवं, एक सालीवर ठिपके आलेलं. हिरव्याचा काप काळाकुट्ट होतो, ठिपकेवाल्याचा फिकाच राहतो, कारण पिकताना स्टार्चची साखर होते. मग पिकलेल्या केळ्याचा थेंब न लावलेला काप चाखायला द्या. ‘गोड का लागलं?’ याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

ड्रॉपर फक्त तुमच्या हातात. थेंब लावलेले तुकडे वेगळ्या ताटात आणि तिथून थेट कचऱ्यात. (बटाट्यावरच्या निळ्या डागावर लिंबाच्या रसाचे पाच-सहा थेंब टाकले की रंग उडतो, ते ‘क’ जीवनसत्त्वाचं काम. चौथ्या तासिकेसाठी राखून ठेवा.)

रिकामा_डबा:
वरच्यात एक दुरुस्ती. शेंगदाणा काढा, सूर्यफुलाच्या बिया घ्या. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत किरकोळ संपर्कही महागात पडू शकतो. कुणाला काय चालत नाही, हे आठवडाभर आधी पालकांकडून लेखी घ्या. दूध, अंडं, गहू, सोया, तीळ, सुकामेवा, मासे, सगळं नाव घेऊन विचारा. नुसतं ‘काही ॲलर्जी आहे का?’ विचारलं की ‘नाही’ येतं.

चाखण्यासाठी चार नवे पदार्थ आणू नका. चारही तासिकांत पाच मिनिटं एकच गाजर ठेवा. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला बऱ्याचदा आठ-दहा वेळा समोर यावी लागते, एका दिवसात काही होत नाही. पहिल्यांदा किसलेलं, मग पातळ लांब काप, मग उकडून आणलेलं. गोल जाड चकत्या नकोत, घशात अडकतात. मुलामागे 10 ग्रॅम, म्हणजे वर्गाला 300 ग्रॅम.

पायऱ्या अशा: बघ, वास घे, बोट लाव, जीभ लाव, चाव. मूल कुठल्याही पायरीवर थांबू शकतं. तोंडातलं काढायला प्रत्येकाजवळ कागदी रुमाल असू द्या. खाल्लं म्हणून स्टिकर देऊ नका. ज्यासाठी बक्षीस लागतं ते चवीला वाईटच असणार, हा हिशेब मुलांना चटकन जमतो. आणि ‘आवडलं का?’ विचारूच नका. पहिल्या बाकावरून एक ‘ई’ आला की तो शेवटच्या बाकापर्यंत जातो. ‘चावताना आवाज कसा आला?’ विचारा.

पाटीपेन्सिल:
आयोडीन आणि चाखणं एकाच तासिकेत चालेल का? आणि शीतपेयातली साखर दाखवू का?

चमचाभर:
चालेल, पण चाखणं आधी आणि आयोडीन नंतर. केळ्याचे चाखायचे कापही बाटली उघडण्याआधीच झाकून बाजूला ठेवा. शेवटी सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे.

साखर दाखवा, पण बाटली तुमची, रिकामी आणि लेबल काढलेली. 100 मिलिलिटरला 10 ग्रॅम असेल तर 300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅम. सपाट भरलेला छोटा चमचा साधारण 4 ग्रॅमचा, म्हणजे साडेसात चमचे. मुलांनाच मोजून काचेच्या पेल्यात टाकू द्या. किती चमचे होतील, हा अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्या. दात किडण्याची भीती घालू नका. पेल्यातला थर बघूनच वर्ग शांत होतो.