मदत हवी आहे: फुटबॉलमधला सर्वोत्कृष्ट पंच ठरला, तरी वर्ल्डकपमधून लवकर घरी? आणि निवृत्तीचं साल नक्की कुठलं?

सुहास_लि
आज रात्रीपर्यंत लेख द्यायचाय आणि मी अडकलोय. ज्याला जगातला सर्वोत्कृष्ट पंच म्हणून गौरवलं, त्याला पुढच्याच वर्षी वर्ल्डकपमध्ये एक सामना देतात आणि परत पाठवतात. कुठल्या नियमात बसतं हे? शिवाय त्याच्या निवृत्तीचं साल दोन ठिकाणी दोन वेगळी दिसताहेत. संपादकांनी लेख दोनदा परत पाठवला. 'गूगल कर' कुणी सांगू नका, तेच करून इथं आलोय. लवकर सांगा प्लीज.

ऋतुजा
कोणता पंच? कोणता वर्ल्डकप? पुरुषांचा की महिलांचा? गौरव कुणी केला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं कसं?

भालचंद्र_र
नाव कशाला हवं, उत्तर सरळ आहे. पंचाचा देश स्पर्धेत टिकून राहिला की पंचाची वाट बंद होते. फायनलचे पंच बघा. २००२ ला कोलिना, इटली उपउपांत्यपूर्व फेरीत बाहेर. २००६ ला एलिझोंडो, अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीत बाहेर. २०१० ला हॉवर्ड वेब, इंग्लंड बाहेर. २०१४ ला रिझोली, इटली तर गटातच गारद. २०१८ ला अर्जेंटिनाचा पिताना, २०२२ ला पोलंडचा मार्चिनियाक, दोघांचेही देश उपउपांत्यपूर्व फेरीत बाहेर. तुमच्या पंचाचा देश पुढं गेला असणार, म्हणून त्याला परत पाठवलं.

निखिल७
याशिवाय दोन्ही संघांच्या खंडाबाहेरचाच पंच लागतो. तोही नियम आहे.

ऋतुजा
@निखिल७ असा नियम नाही. २०१० ची फायनल नेदरलँड्स आणि स्पेनची, पंच इंग्लंडचा. २०१४ ला जर्मनी खेळत होती आणि पंच इटलीचा. २०२२ ला फ्रान्स होता, पंच पोलंडचा. खेळणाऱ्या देशांपैकी एकाचा पंच नसावा, एवढंच पाळतात. खंड जमेल तेव्हा बघतात.

सुहास_लि
अहो, फेलिक्स ब्रिख! जर्मनीचा! मला वाटलं वाचून लगेच कळेल. २०१७ चा सर्वोत्कृष्ट पंच, त्याच वर्षी युव्हेंटस विरुद्ध रेआल माद्रिद चॅम्पियन्स लीग फायनल त्यानंच घेतली. २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये एक सामना. गटफेरी संपली आणि हा परत. आता तरी सांगा.

भालचंद्र_र
मग जर्मनी...

ऋतुजा
जर्मनी २७ जून २०१८ ला कोरियाकडून हरून गटातच बाहेर पडली, भालचंद्रकाका. तुमच्याच हिशोबानं ब्रिखची वाट तर मोकळी झाली होती. तरीही त्याला स्पर्धेत ठेवून घेतलं नाही.

भालचंद्र_र
मान्य. इथं माझा हिशोब लागू होत नाही. पण वर दिलेली यादी खोटी नाही.

बचाव_फळी
कारण सगळ्या जगानं पाहिलं. सर्बिया विरुद्ध स्वित्झर्लंड, २२ जून. १-१ असताना सर्बियाचा मित्रोविच उडी मारायला गेला आणि दोन स्विस बचावपटूंनी त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारून खाली आणलं. ब्रिखनं पेनल्टी दिली नाही, उलट मित्रोविचच्या विरुद्ध फाउल दिला. शेवटच्या मिनिटाला स्वित्झर्लंडच्या शकिरीनं गोल केला आणि सर्बिया २-१ हरली. व्हीएआर (व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला सावध करणारे पंच) होतं, पण तिथूनही कुणी बोलावलं नाही. माझं कायमचं म्हणणं आहे की पंचाला स्वतःहून स्क्रीनकडं जाणं सक्तीचं करा. निम्मे वाद तिथंच मिटतील.

निखिल७
सक्तीचं केलं तर सामना तीन तास चालेल. दर कॉर्नरला गोलसमोरच्या पेटीत ढकलाढकली असते.

बचाव_फळी
ढकलाढकली आणि दोघांनी धरून पाडणं यात फरक आहे. स्क्रीनवर तो एका नजरेत दिसतो.

जुना_पंच
मी अठरा वर्षं शिट्टी वाजवली आहे. फार वरच्या पातळीवर नाही, पण नेमणुका कशा होतात ते जवळून पाहिलंय. असेसर, म्हणजे पंचाला गुण देणारा, स्टँडच्या वरच्या रांगेत कागद मांडीवर घेऊन बसतो. सामना संपल्यावर मी मोजे खाली ओढत असायचो तेव्हा तो खोलीत यायचा. पहिला प्रश्न गोलबद्दल कधीच नसायचा. "त्या क्षणी तू कुठं उभा होतास?" एवढंच विचारायचा. निर्णय चुकला तरी योग्य जागी उभं असल्याचे गुण मिळायचे. निर्णय बरोबर आला, पण मी चाळीस पावलं लांब होतो, तर गुण कापले जायचे. एका हंगामात माझे गुण सगळ्यांत वर होते, तरी अंतिम सामन्याला मला फोर्थ ऑफिशियल (कडेला उभा राहणारा चौथा पंच) केलं. नव्वद मिनिटं बदली खेळाडूंचा बोर्ड हातात धरून उभा राहिलो. का, ते कुणी सांगितलं नाही. आजही तो दिवस आठवला की घशात आवंढा येतो. तेव्हा सुहास, नियमाचं कलम शोधत बसू नकोस. स्पर्धेतल्या नेमणुका फिफाची पंच समिती करते आणि तिच्यासमोर त्या स्पर्धेतला ताजा सामना असतो, आधीच्या वर्षाचं कौतुक नसतं. २०२२ ला मार्चिनियाकचं नाव १५ डिसेंबरला जाहीर झालं आणि १८ ला फायनल होती, म्हणजे तीन दिवस आधी.

सुहास_लि
धन्यवाद काका. पण मग फिफानंच २०१७ ला सर्वोत्कृष्ट ठरवलं आणि फिफानंच घरी पाठवलं, असंच झालं ना? माझ्या लेखाचा सूर तोच आहे. 'दुटप्पीपणा' असा शब्दही वापरलाय.

ऋतुजा
थांब. गाठ इथंच बसलीय. तो पुरस्कार फिफाचा नाही. तो आयएफएफएचएस या फुटबॉलच्या इतिहासाची आणि आकडेवारीची नोंद ठेवणाऱ्या वेगळ्या संस्थेचा आहे. १९८७ पासून ती वर्षाचा सर्वोत्कृष्ट पंच निवडते. कोलिनाला १९९८ ते २००३ सलग सहा वेळा मिळाला तोही हाच. ब्रिखला २०१७ ला आणि पुन्हा २०२१ ला. फिफाच्या 'द बेस्ट' पुरस्कारांत पंचांचा गटच नाही. पुरस्कार देणारे वेगळे आणि नेमणूक करणारे वेगळे, त्यामुळे 'दुटप्पीपणा' हा शब्द काढ.

सुहास_लि
अरे देवा. मथळ्यात 'फिफाचा सर्वोत्कृष्ट पंच' लिहिलंय. संपादकांनी तिथंच लाल गोल काढलाय आणि मला वाटलं शुद्धलेखन चुकलं असेल.

पूर्वा_मैदान
फिफा पंच व्हायचं असेल त्यांच्यासाठी माहिती: पंचासाठी किमान वय २५ आणि सहायक पंचासाठी २३ लागतं. आपल्या संघटनेनं नाव सुचवावं लागतं आणि यादी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी असते. फिटनेस चाचणीत धावायची तयारी आधीपासून करा, आदल्या महिन्यात धावायला सुरुवात केली तर पोटऱ्या जातात.

निखिल७
@पूर्वा_मैदान हे कुणी विचारलं?

पूर्वा_मैदान
कुणीतरी वाचेल. मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी एक वर्ष गमावलं.

देवदत्त_१९५०
सुहासराव, लेखात एलिझोंडोचा उल्लेख असेल तर जपा. "एकाच वर्ल्डकपचा पहिला आणि शेवटचा सामना घेणारा पहिला पंच" असं त्याच्याबद्दल सगळीकडे छापून येतं. १९५० ला जॉर्ज रीडर यांनी ब्राझील-मेक्सिको हा उद्घाटनाचा सामना घेतला आणि ब्राझील-उरुग्वे हा शेवटचाही. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते.

भालचंद्र_र
१९५० ला फायनल नव्हतीच. चार संघांचा अंतिम गट होता. ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. त्यामुळे एलिझोंडोचं पहिलेपण शाबूत आहे.

देवदत्त_१९५०
विजेता त्या सामन्यानं ठरला. उरुग्वे २-१. लोक त्याला फायनल म्हणतात ते उगीच नाही.

भालचंद्र_र
लोक म्हणतात म्हणून नियम बदलत नाही. एलिझोंडो आणि २०१८ चा पिताना, दोघांनीही बाद फेरीतली खरी फायनल घेतली.

बचाव_फळी
एलिझोंडोचाच विषय निघाला म्हणून: २००६ च्या फायनलमधला झिदानचा हेडबट (डोक्यानं मारलेली धडक) त्यानं स्वतः पाहिला नव्हता, फोर्थ ऑफिशियल मेदिना कान्तालेखोनं कानात सांगितलं. वर्ल्डकपमध्ये व्हीएआर येण्याच्या बारा वर्षं आधी.

सुहास_लि
माझ्या लेखात एलिझोंडो नाहीये! निवृत्तीचं साल सांगा ना कुणीतरी. एकीकडे २०२१, एकीकडे २०२५.

ऋतुजा
तुझ्या लेखात काय लिहिलंय ते आधी सांग.

सुहास_लि
"२०२१ साली युरो स्पर्धेनंतर त्यानं शिट्टी खाली ठेवली." संपादकांनी शेरा मारलाय, "मग सोबतचा फोटो २०२४ चा कसा?" फोटो मीच पाठवला होता. बुंडेसलीगाचा, म्हणजे जर्मनीतल्या लीगचा आहे. हे आधी लिहायला हवं होतं का?

जुना_पंच
हो बाळा, हेच आधी लिहायला हवं होतं.

ऋतुजा
दोन्ही सालं बरोबर आहेत, गोष्टी दोन आहेत. २०२१ ला त्यानं आंतरराष्ट्रीय सामने सोडले. वर पूर्वाताईंनी यादीचं सांगितलं ते इथं उपयोगी पडलं: फिफाची यादी वेगळी, देशातली लीग वेगळी. देशातल्या लीगमध्ये तो खेळवतच राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रँकफर्ट-स्टुटगार्ट सामन्यात त्यानं वोल्फगांग स्टार्कच्या ३४४ बुंडेसलीगा सामन्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ४८ व्या वर्षी! पुढच्या हंगामात परत आला, विक्रम मोडला आणि २०२५ ला हंगाम संपवून थांबला. माझ्या मते तुझा खरा लेख हा आहे. २०१८ च्या एका फाउलवर अर्धा लेख खर्च करू नकोस.

निखिल७
पण फिफाची ४५ ची मर्यादा आहे, म्हणूनच २०२१ ला सोडलं असेल. तो ४६ चा झाला होता.

ऋतुजा
ती मर्यादा आधीच गेली होती. २०२१ च्या ११ जुलैला युरोची फायनल ज्यानं घेतली तो ब्योर्न कायपर्स ४८ चा होता. ४५ च्या नियमाची झळ लागली ती कोलिनाला. २००५ ला त्याला इटलीत एक वर्ष वाढवून दिलं होतं, पण प्रायोजकाच्या करारावरून वाद झाला आणि त्यानं ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

जुना_पंच
वयाचा विषय निघालाच आहे तर जर्मन पंच मानुएल ग्रेफेचंही लिही. जर्मनीत ४७ ला थांबवायची रीत होती. २०२१ ला त्याला त्याच कारणानं थांबावं लागलं. तो कोर्टात गेला. जानेवारी २०२३ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं हा वयावरून भेदभाव आहे असं धरून त्याला ४८,५०० युरो भरपाई द्यायला सांगितली. ब्रिख ४८ आणि ४९ व्या वर्षी मैदानात दिसतो, त्याच्या मागं हे सगळं आहे. वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझे पाय चालत होते तेव्हाच मला 'आता पुरे' म्हणून सांगितलं गेलं होतं.

देवदत्त_१९५०
म्हणूनच मी रीडर यांचं वय सांगितलं होतं.

सुहास_लि
एक शेवटचं. २०२१ च्या युरोत ब्रिखनं पाच सामने घेतले, एका युरोतला विक्रम. तरी फायनल कायपर्सला. तिथंही जुन्या चुकीचा राग होता असं लिहू का?

ऋतुजा
नको. इटली-स्पेन उपांत्य सामना आणि युक्रेन-इंग्लंड उपांत्यपूर्व सामना ब्रिखनंच घेतले होते. फायनल इटली-इंग्लंड झाली. राग असता तर ते दोन सामने दिले नसते. २०१८ चंही 'त्या चुकीमुळे' असं लिहू नकोस. आधी सामना, मग टीका, मग पुढं नेमणूक नाही, असा क्रम लिही. वाचणारा समजतो.

बचाव_फळी
क्रम लिहिला तरी व्हीएआरनं हाक मारली नाही हे लिहाच.

सुहास_लि
लिहितोय. मथळा बदलला, 'फिफाचा' काढलं, 'दुटप्पीपणा' काढला. शेवटचा परिच्छेद आता असा आहे: "२०२१ अखेर त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, बुंडेसलीगाचा मात्र २०२५ मध्ये. मधल्या काळात फाटलेला गुडघा घेऊन तो ३४४ वर अडला होता." ठीक आहे?

जुना_पंच
'अडला होता' नंतर 'आणि परत आला' एवढं घाल. गुडघा गेल्यावर पहिल्यांदा मैदानाच्या कडेनं धावताना काय वाटतं, ते मला माहीत आहे.

सुहास_लि
घातलं. पाठवतोय.

निखिल७
१९५० चं पुढं काय ठरलं?

भालचंद्र_र
ठरलंय. फायनल नव्हती.

देवदत्त_१९५०
होती.