देसूरचा काळा दगड बाकीच्या काळ्या दगडापेक्षा वेगळा कसा?

येळ्ळूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. जिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, घर येळ्ळूरला. सेमिनारसाठी डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या, थरांचा तक्ता वाचत होतो. खालून वर खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि सगळ्यात वर, शेवटी, देसूर! आधी वाटलं दुसरं कुठलं तरी देसूर असेल. पण नाही, हे आपलंच, बेळगावच्या शेजारचं. माझ्या मामाचं गाव.

वडिलांची बोअरची गाडी आहे. लहानपणापासून कटिंग (बोअर मारताना वर येणारा चुरा) बघत आलोय: वर माती, मग मुरूम, मग काळा दगड, मधेच कुठं तांबडा पट्टा, परत काळा दगड. वडिलांना विचारलं तर म्हणाले, देसूर काय आणि पन्हाळा काय, बिट सारखीच झिजते.

तक्त्यात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ या आयसोटोपचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर दिलंय. देसूर ०.७०७२ ते ०.७०८०, पन्हाळा ०.७०४६ ते ०.७०५५, आंबेनळी ०.७०३८ ते ०.७०४४. तिसऱ्या दशांशातल्या फरकावर वेगळं नाव द्यायचं? हा फरक वयाचा आहे का? आणि सेमिनारचा विषय आहे 'आयसोटोप आणि पृथ्वीची उत्क्रांती'. आमच्या एका गावच्या दगडावरून एवढ्या मोठ्या गोष्टीपर्यंत जायचं कसं?

खडीवाला_काकती

गावाचं नाव पुस्तकात आलं म्हणून खडीचा भाव वाढणार असेल तर कळवा, आम्ही पण क्रशरवर बोर्ड लावतो. बाकी थट्टा सोडा, प्रश्न चांगला आहे. आमच्या क्वारीतच वरच्या बेंचचा दगड नि खालच्या बेंचचा दगड सुरुंगाला वेगळा फुटतो. त्याचा या आकड्याशी काही संबंध?

निपाणीची_लेक

खडीवाले भाऊ, नाही. फुटणं अवलंबून असतं भेगांवर, बुडबुड्यांच्या पोकळ्यांवर आणि लाव्हा किती सावकाश थिजला त्यावर. आयसोटोपचा आकडा हातोड्याला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच.

आता येळ्ळूरकर. मी बरीच वर्षं मास स्पेक्ट्रोमीटरच्या (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या) लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

हा फरक वयाचा नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, वही घे आणि हिशेब कर. रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे, त्याचं स्ट्रॉन्शियम-८७ होतं. निम्मं व्हायला साधारण ४,९०० कोटी वर्षं लागतात, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापटीहून जास्त. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र आहे तेवढंच राहतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे तुझ्या काळ्या दगडात, रुबिडियम मुळातच कमी. समजा रुबिडियम १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) आणि स्ट्रॉन्शियम २५० पीपीएम. या लाव्हांचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं, तेवढ्यात अशा दगडात ते गुणोत्तर किती वाढेल? फक्त ०.०००१. आंबेनळी आणि देसूरच्या खालच्या आकड्यांत फरक आहे ०.००३४ चा. तेवढा फरक नुसत्या वेळेनं पडायचा तर दोनशे कोटी वर्षांवर थांबावं लागेल. आणि या लाव्हा तर भूशास्त्राच्या हिशेबानं पाठोपाठ आलेल्या. म्हणजे देसूरचा दगड वर आला तोच हा आकडा घेऊन. मग खरा प्रश्न असा की कुठून घेऊन आला?

प्रावरण थोडंसं वितळतं तेव्हा रुबिडियम त्या रसात जातं. त्याचा आयन मोठा, ऑलिव्हिन-पायरॉक्सिन या प्रावरणातल्या खनिजांच्या जाळीत मावत नाही. रस वर सरकतो, त्यातून पुढे कवच घडतं. असं कोट्यवधी वर्षं चाललं की रुबिडियम वर साठतं आणि खालचं प्रावरण त्याला महाग होतं. जिथं रुबिडियम जास्त तिथं स्ट्रॉन्शियम-८७ जास्त तयार होणार. शंभर पीपीएम रुबिडियम आणि दोनशे पीपीएम स्ट्रॉन्शियम असलेला नाइस (जुन्या कवचातला पट्टेवाला दगड) ०.७०२ वर सुरू झाला आणि ३०० कोटी वर्षं पडून राहिला, तर आज तो ०.७६ च्या पुढे गेलेला असतो. उलट महासागराच्या मध्यरांगांमधून आज वर येणारा बेसॉल्ट ०.७०३ च्या आसपासच असतो. दोघांमध्ये एवढी दरी आहे म्हणूनच तुला नगण्य वाटणारा तिसरा दशांश आम्हाला ढळढळीत दिसतो.

आता तक्ता परत बघ. बुशेचे आकडे ०.७२ पर्यंत जातात. त्या लाव्हानं वर येताना जुन्या कवचाचा बराच भाग वितळवून पोटात घेतला. आंबेनळी कवच फारसं न घेता जवळजवळ कोरडी आली. तुझं देसूर या दोघांच्या मधे.

आकड्यावर भरवसा किती ठेवायचा हेही सांगते, कारण सेमिनारला कोणीतरी विचारणारच. दगडाची पूड हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लात टेफ्लॉनच्या बंद भांड्यात विरघळवतात. हायड्रोफ्लुओरिकशी खेळ नाही. कातडीवर थेंब पडला तर आधी दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोचतं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. मग रेझिनच्या कॉलममधून स्ट्रॉन्शियम वेगळं काढतात. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांचं वस्तुमान जवळजवळ सारखं, मशीनला ते वेगळे दिसत नाहीत, म्हणून ही सफाई नीट झाली नाही तर पुढचं सगळं वाया. शेवटी एक थेंब धातूच्या बारीक तारेवर सुकवून मशीनमध्ये चढवायचा. पण नमुन्याच्या आधी चढतं ते एसआरएम ९८७ नावाचं, आकडा आधीच ठाऊक असलेलं प्रमाण-द्रव्य. त्याचा आकडा ०.७१०२५ यायलाच पाहिजे. नाही आला तर त्या दिवशी कोणाचाही नमुना, अगदी एचओडींचाही, मशीनमध्ये जात नाही. या शिस्तीनं मोजलेला आकडा पाचव्या दशांशापर्यंत खात्रीचा असतो.

पीएचडी_संपता_संपेना

ताई, सगळं मान्य, पण देसूरला 'मधे' म्हणून मोकळं होऊ नका की! महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर या वरच्या लाव्हांचा कल बुशेच्या कलापेक्षा वेगळा जातो. १९८८ मध्ये लाइटफूट आणि हॉक्सवर्थ यांनी स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसं एकत्र लावून हेच मांडलं होतं. वरच्या थरांचा आकडा कवच खाल्ल्यामुळे नसून मुळात खालचं प्रावरणच तसं 'पोसलेलं', म्हणजे रुबिडियमसारख्या द्रव्यांनी भरलेलं, असू शकतं. शिवाय देसूर ही स्वतंत्र फॉर्मेशन (वेगळं नाव दिलेला थरांचा गट) न मानता पन्हाळ्याचाच भाग मानणारेही आहेत. येळ्ळूरकर, मामाला सांगताना जरा जपून.

निपाणीची_लेक

बरोबर बोललास, आणि सेमिनारचा गाभा इथंच आहे. एकट्या स्ट्रॉन्शियमवर कधी निकाल देऊ नये. ते फक्त सांगतं की या रसात रुबिडियमवाल्या जुन्या कशाचा तरी अंश आहे. ते जुनं म्हणजे वरचा नाइस, की कवचाच्या बुडाला चिकटून अब्जावधी वर्षं न हललेलं प्रावरण, हे ते सांगत नाही.

म्हणून निओडिमियम लावायचं. समेरियम-१४७ चं निओडिमियम-१४३ होतं, निम्मं व्हायला १०,६०० कोटी वर्षं. इथं गणित उलटं. वितळताना समेरियमपेक्षा निओडिमियम जास्त वर जातं, त्यामुळे जुन्या कवचात निओडिमियम-१४३ चं गुणोत्तर मागे पडतं आणि खालच्या प्रावरणात पुढे जातं. स्ट्रॉन्शियम आडव्या अक्षावर आणि निओडिमियम उभ्या अक्षावर घेऊन ठिपके टाक. कवच मिसळलं असेल तर ते एका वाकलेल्या रेषेवर पडतील, आणि रेषेचं दुसरं टोक कुठल्या दगडाकडे जातं ते बघता येतं. दोन कल दोन वेगळ्या दिशांना गेले तर मिसळणारे पदार्थ दोन. पीएचडीवाल्या भावानं सांगितलं ते यावरूनच निघालं, शिशानं त्याला आणखी टेकू दिला.

माझं मत विचारशील तर देसूरची कहाणी अजून पुरती लिहिलेली नाही. पुस्तकात नाव आलं म्हणजे काम संपलं असं नसतं.

गुरुजी_खानापूर

आमच्याकडं येऊन बघा की वो. तुम्ही सगळे काळ्या दगडाचं बोलताय. तो खानापूरच्या बाजूला संपतो. लोंढ्याकडं जाताना पत्र्यासारखे थर सुटणारे दगड लागतात, कुठं पट्ट्यापट्ट्यांचा करडा-पांढरा. हाच तो खालचा नाइस का? आणि मुलं विचारतात, पृथ्वी ४५० कोटी वर्षांची असं लिहिलंय, तर मग एवढा जुना दगड दाखवा. काय दाखवू?

निपाणीची_लेक

गुरुजी, नमस्कार. पत्र्यासारखा तो धारवाडी शिस्ट, पट्टेवाला तो नाइस. बेळगाव शहराखाली जे झाकलेलं आहे ते तुमच्याकडं उघडं पडलंय, कारण डेक्कन ट्रॅपची दक्षिणेकडची कड तिथंच आहे. झाकलेल्या भागात बघायचं तर भोक पाडावं लागतं. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर मारली तेव्हा साधारण ९३० मीटर बेसॉल्ट पार केल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला, किल्लारीला ३३८ मीटरवरच. म्हणजे आमचा आकडा 'खाली जुनं कवच आहे' म्हणतो तेव्हा ते हवेतलं बोलणं नसतं.

मुलांना काय दाखवायचं? खरं सांगायचं तर ४५० कोटींचा पृथ्वीवरचा दगड कोणाकडेच नाही. पृथ्वीचं वय पृथ्वीच्या दगडावरून काढलेलंच नाही. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशाच्या आयसोटोपवरून ४५५ कोटी हा आकडा काढला आणि समुद्राच्या तळाच्या गाळातलं शिसं त्याच रेषेवर बसतं हे दाखवलं. इथले सुरुवातीचे दगड वितळून, दळून पुन्हा वापरले गेले. उरले ते झिरकॉन नावाच्या खनिजाचे काही कण. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला एक कण ४४० कोटी वर्षांचा आहे, आणि तो सापडला त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण गाळाच्या दगडात. त्याचा मूळ दगड कधीच नाहीसा झालाय.

झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिशाला थारा देत नाही. त्यामुळे आज आत सापडणारं शिसं जवळजवळ सगळं युरेनियमपासून झालेलं, आणि युरेनियमची दोन घड्याळं, २३८ आणि २३५, एकमेकांना तपासत असतात. त्याच कणात हाफ्नियमही असतं. वय शिशावरून कळलं की हाफ्नियम सांगतं, हा ज्या रसातून घडला तो प्रावरणातून नवा आलेला, की आधीचंच कवच पुन्हा वितळलेलं. जगभरचे असे हजारो कण मोजून खंड केव्हा किती वाढले याचा हिशेब मांडतात. ३०० कोटी वर्षांपूर्वीच बहुतेक कवच तयार झालं होतं असं काही जण म्हणतात, काहींना हे पटत नाही. भांडण चालू आहे, चालू द्या.

मुलांना आपल्या राज्यातलंच उदाहरण द्यायचं तर हासनकडच्या गोरूरच्या नाइसाचं वय सुमारे ३३० कोटी वर्षं आहे. सहलीला गोकाकला नेता तेव्हा धबधबा ज्या वाळूच्या दगडावरून पडतो तोही दाखवा. त्या वाळूतला सर्वांत तरुण झिरकॉन जेवढा जुना, त्याहून तो दगड जुना असूच शकत नाही, एवढं तर्कानं पोरं स्वतः काढतील. चिक्की खाऊन झाल्यावर विचारा.

येळ्ळूरचा_पोरगा

ताई, हिशेब करून बघितला. ०.०००१०६ आला! आणि ०.००३४ साठी २०८ कोटी वर्षं. आता सेमिनारला देसूरपासूनच सुरुवात करणार. एकच विचारतो, वडिलांच्या बोअरच्या कटिंगमधून नमुने घेऊ का? प्रत्येक दहा फुटांचे ढीग पडलेलेच असतात, फुकटात काम होईल. आणि तो मधला तांबडा पट्टा टाकून द्यायचा ना?

निपाणीची_लेक

कटिंग नको. हॅमरनं फोडलेला चुरा हवेच्या दाबानं वर येतो, वरचा मुरूम खालच्या दगडात मिसळतो आणि बिटचा धातूही येतो. थर किती फुटांवर बदलतो हे कळायला कटिंग उत्तम, ते वहीत लिहून ठेव, पण मोजायला नाही. देसूरच्या आसपास नुकती फोडलेली क्वारीची भिंत शोध, तिथून मुठीएवढे ढेकळे घे, गंजलेली साल फोडून टाक, आतलाच गाभा ठेव. गारगोट्या आणि पांढऱ्या भरावाच्या पोकळ्या असलेला भाग घेऊ नकोस, ते पाण्यानं नंतर आणून भरलेलं असतं. आपल्याकडच्या पावसात स्ट्रॉन्शियम दगडातून निघूनही जातं, जांभ्याच्या जवळचा दगड तर पूर्ण टाळ. दळायला अगेटचं खलबत्तं. प्रत्येक नमुन्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिही, नाहीतर थर जुळवताना रडशील.

आधी पातळ काप (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) आणि एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रासायनिक घटक मोजणं) कर. त्यातून चार-पाच चांगले निघाले की मगच आयसोटोपला पाठव. त्याचा खर्च आणि रांग दोन्ही मोठी, आणि मशीनवाल्यांना बिनकामाचा नमुना आला की राग येतो, मला तरी यायचा.

तांबडा पट्टा मात्र टाकू नकोस! दोन लाव्हांच्या मधे जमिनीवर जे साठलं ते ते, आणि त्यात बाहेरच्या ज्वालामुखीची राख पडून झिरकॉन आलेले असू शकतात. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही, म्हणून २०१९ मध्ये एका गटानं घाटांतल्या अशाच तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन काढून डेक्कनच्या लाव्हांची वयं काढली. दुसऱ्या गटानं त्याच वर्षी बेसॉल्टवरच आर्गॉनची पद्धत वापरली. दोघांचं ६.६ कोटींच्या आसपास जमतं, पण लाव्हा किती टप्प्यांत आल्या आणि त्या काळच्या महाविनाशाच्या (डायनोसॉर संपले तो) आधी किती, नंतर किती, यावर जमत नाही. वडिलांना विचार, तांबडा पट्टा कुठल्या गावात किती फुटांवर लागतो. ते त्यांना तोंडपाठ असेल.

येळ्ळूरचा_पोरगा

विचारलं. किणयेपासून पुढं सात गावांचे फूट एका दमात सांगितले, वर म्हणाले, तिथं केसिंग धसतं म्हणून आम्हाला तो पट्टा नकोच असतो.

निपाणीची_लेक

लिहून घे आणि नकाशावर टाक. गावागणिक उंची वजा केलीस तर तो पट्टा कुठल्या बाजूला उतरतोय ते तुला लॅबच्या आधीच कळेल.