मदत हवी आहे: समोरच्या पार्टीनंच लवाद नेमला, दावा टाकू का?

जॉबवर्कवाला: शिरोलीच्या एका फाउंड्रीकडं १४ लाख अडकलेत. कास्टिंग त्यांचं, मशीनिंग आमचं. आता नोटीस आलीय, लवाद नेमलाय, सोमवारी हजर राहा. मला सरळ कोल्हापुरात बावड्याच्या कोर्टात दावा टाकायचाय. टाकता येतो का? लवकर सांगा.

करवीरकर: लवादाचं कलम कशात लिहिलंय? नेमलाय कोणाला? अर्धवट माहितीवर काय सांगणार?

पाटील_उद्यमनगर: भावा, लोकअदालतीत जा. आमचा भाडेकरूचा वाद तिथंच मिटला. फी नाही, अपील नाही.

वकील_बावडा: दोघं राजी असतील तरच. नाहीतर फाईल परत. आधी करवीरकरांना उत्तर द्या.

जॉबवर्कवाला: पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागं बारीक अक्षरात आहे, 'वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद'. नेमलाय त्यांचाच कायदा सल्लागार. 'नेमणूक मान्य' असा कागदही सहीला पाठवलाय. म्हणे ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) आमच्यामुळं. अहो, ब्लोहोल ओतकामात पडतो, मशीनवर तो फक्त उघडा पडतो!

हुपरीकर: जॉबवर्कच्या बिलावर जीएसटी बरोबर लावलाय ना? रिटर्न तपासून घ्या.

वकील_बावडा: त्या कागदावर सही करू नका! दावा टाकलात तर ते १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज देतील आणि कोर्ट लवादाकडंच पाठवेल. पण हा लवाद चालणार नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १२(५) आलं, पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार लवाद होऊ शकत नाही. वाद झाल्यावर तुम्ही स्वतः लेखी मान्यता दिली तरच तो टिकतो, म्हणून तर कागद पाठवलाय. लेखी हरकत घ्या, तटस्थ नाव सुचवा. ३० दिवसांत जमलं नाही तर कलम ११ खाली हायकोर्ट नेमतं.

पाटील_उद्यमनगर: म्हणजे मुंबईच्या वाऱ्या. त्यापेक्षा चार माणसं बसवून मिटवा.

करवीरकर: मुंबई कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. एवढी वर्षं आंदोलनं केली ती कशासाठी?

व्हीएमसी_गोकुळशिरगाव: उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का ते कुणीच विचारलं नाही! असेल तर एमएसएमईच्या (लघुउद्योगांच्या) थकीत बिलांसाठीच्या सुलभीकरण परिषदेत जा. ४५ दिवसांवर थकलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. निकालाला आव्हान द्यायचं तर त्यांना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

करवीरकर: परिषदेत तारीख कधी लागते तेही सांगा की. माझ्या मेहुण्याची फाईल नुसती पडून आहे.

वकील_बावडा: वेळ लागतो, पण वाट चांगली आहे. पीओत लवादाचं कलम असलं तरी तिथं जाता येतं. नोंदणी काम घेण्याआधीची हवी.

जॉबवर्कवाला: नोंदणी २०२१ ची, काम २०२३ पासून. लवादाकडं गेलोच तर फी किती?

वकील_बावडा: कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला दर धरला तर १४ लाखांना ७६,५००. एकटा लवाद असेल तर त्यावर २५ टक्के. बहुतेक वेळा दोघांत निम्मी. बिलांना तीन वर्षं व्हायच्या आत पाऊल उचला.

जॉबवर्कवाला: डिलिव्हरी चलनावर त्यांच्या क्वालिटीवाल्याची 'ओके' म्हणून सही आहे. चालेल?

वकील_बावडा: चालेल काय, तोच मोठा पुरावा. मूळ चलनं कुणाच्या हातात देऊ नका. सोमवारच्या आधी हरकत मेलनं पाठवा, पोस्टानंही पाठवा.