सीनाने टॅप केलं ते बरोबरच केलं (चिडा खुशाल)

आठवा_डाव (धागाकर्ता)

१३ डिसेंबर २०२५ची डब्ल्यूडब्ल्यूईच्या जॉन सीनाची शेवटची मॅच आपल्याकडे रविवारी सकाळी लागली. घरचे साखरझोपेत, मी आवाज बंद करून हॉलमध्ये. वॉशिंग्टनच्या कॅपिटल वन अरीनात गुंथरने मागून गळ्याभोवती स्लीपर ही पकड आवळली होती. सीना सुटायला धडपडला, पुन्हा अडकला, पुन्हा धडपडला. मग त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आलं आणि त्याने हात आपटला, म्हणजे टॅप करून हार मानली. वीस वर्षं 'नेव्हर गिव्ह अप' छापलेले टीशर्ट विकणारा माणूस टॅप करून गेला. अरीनाभर बोंबाबोंब. नंतर कंपनीच्या कथा ठरवणारा ट्रिपल एच रिंगमध्ये आला तर त्याचीही हुर्यो.

तेव्हापासून जो तो बुकिंगच्या (कोण कसं हरणार हे ठरवण्याच्या) नावाने खडे फोडतोय. मला वाटतं, लोक चुकीच्या तारखेवर चिडलेत. टॅप ठीक होता. माती खाल्ली ती १ मार्चला, टोरंटोत.

आठवा. एलिमिनेशन चेंबर ही मॅच जिंकल्यावर सीनाने तेव्हाचा चॅम्पियन कोडी ऱ्होड्सला मिठी मारली, रॉकने गळ्यावरून बोट फिरवून खूण केली आणि सीनाने कोडीला कमरेखाली लाथ घातली. सीना हील, म्हणजे खलनायक! हे दृश्य बघायला मी शाळेत असल्यापासून थांबलो होतो. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण पुढे काय? रॉक जो गायब झाला तो झालाच. रेसलमेनिया ४१च्या मुख्य मॅचला तो फिरकलाही नाही, त्याच्या जागी ट्रॅव्हिस स्कॉट नावाचा रॅपर. रिक फ्लेअरचा १६ किताबांचा विक्रम मोडून १७वा किताब घ्यायचा तो क्षण, आणि आपण बघतोय काय, तर एक गवई रिंगमध्ये कसाबसा चढतोय! सीना हील झाला म्हणजे नक्की काय झाला? गाणं तेच, जीन्सची अर्धी चड्डी तीच, डाव तेच. फक्त माइक हातात घेऊन प्रेक्षकांना टोमणे. ऑगस्टच्या १ तारखेला, समरस्लॅममधल्या त्याच्या मॅचला दोन दिवस उरले असताना, पुन्हा सज्जन. निरोपाच्या सगळ्या दौऱ्याच्या ठरलेल्या तारखा ३६, त्यातले पाच महिने या भानगडीत गेले.

शेवटी हरण्याबद्दल म्हणाल, तर या धंद्याची रीतच ती. जाणारा पाठ टेकवून जातो. फ्लेअर २००८मध्ये शॉन मायकल्सकडून हरून गेला, मायकल्स २०१०मध्ये अंडरटेकरकडून. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो. तिकडे उलटं, वस्तादाने जाताना शेवटचा डाव देऊन जायचं असतं.

---

नेव्हर_गिव्ह_अप_०५

साफ असहमत. हरण्याला कोणाची ना आहे? मॅच हरवा ना, तीन पॉवरबॉम्ब घालून पिन करा. पण टॅप? २००७ला जजमेंट डेला खलीसारख्या डोंगराला एसटीएफ ही पकड लावून टॅप करायला लावणारा माणूस आहे तो. मला आमची कॉलनी अजून आठवते, अर्धी पोरं खलीच्या बाजूने, कारण खली आपला. मी एकटा सीनाकडून. ती मॅच झाल्यावर दोन दिवस माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. त्या माणसासाठी मी शिव्या खाल्ल्यात, आणि तुम्ही म्हणता रीत आहे.

आणि रीतच म्हणाल तर ती ऑगस्टमध्ये पाळून झाली होती. समरस्लॅमच्या स्ट्रीट फाइटमध्ये कोडीने त्याला नीट हरवलं, बेल्ट घेतला, दोघांनी मिठी मारली. मशाल दिली की! सप्टेंबरमध्ये रेसलपलूझाला ब्रॉक लेस्नरने सहा वेळा एफ-५ हा आपला डाव घालून आठ-नऊ मिनिटांत विझवला, तेव्हा कोणाला काय मिळालं? नोव्हेंबरमध्ये डॉमिनिक मिस्टेरिओला आणखी एक. एक माणूस एका वर्षात किती वेळा मशाल देणार? मशाल आहे का उदबत्तीचा पुडा?

---

आठवा_डाव

उदबत्तीचा पुडा भारी होता 😂 लेस्नरच्या बाबतीत दंडवत, तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. २०१४च्या समरस्लॅमला लेस्नरने त्याला असंच धुतलं होतं, तेव्हा त्यातून लेस्नर राक्षस म्हणून उभा राहिला. अकरा वर्षांनी तीच धुलाई म्हणजे शिळ्या कढीला ऊत. त्यातून निरोपाचे मोजके दिवस उरलेले.

डॉमिनिकचं मात्र पटलं नाही. १० नोव्हेंबरला बॉस्टनमध्ये, घरच्या लोकांसमोर सीनाने इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट घेतला. मुख्य बेल्टांपैकी हा एकच त्याला कधी मिळाला नव्हता. तो १९ दिवसांनी सर्व्हायव्हर सिरीजला परत गेला. त्यात डॉमिनिकचा तोटा काय? पोरगं लबाडीने जिंकलं, लोकांनी आणखी शिव्या घातल्या. हीलला तेवढंच तर हवं असतं.

---

ऑस्टिनपंथी

दोघेही मुद्दा सोडून भांडताय. प्रश्न हरण्याचा नाही, कसा हरला याचा आहे.

रेसलमेनिया १३, साल १९९७. ब्रेट हार्टने शार्पशूटर ही पायांची पकड लावलीय, स्टीव्ह ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार तोंडावर. ऑस्टिनने टॅप केलं नाही. तो बेशुद्ध पडला. मॅच हरला आणि त्या एका नकारावर पुढची चार वर्षं कंपनी चालली. हे उदाहरण ट्रिपल एचला माहीत नाही असं म्हणता येईल का?

लांब कशाला जाता, याच गुंथरने याच स्लीपरने जुलैमध्ये अटलांटात गोल्डबर्गला निरोप दिला. गोल्डबर्ग टॅप न करता बेशुद्ध झाला. म्हणजे ज्याचं ब्रीदवाक्य 'पुढचा कोण' त्याला मानाने बेशुद्ध पडू दिलं, आणि ज्याचं ब्रीदवाक्यच 'हार मानू नका' त्याला टॅप करायला लावलं. सीना बेशुद्ध पडला असता, पंचाने हात उचलून बघितला असता, तो खाली पडला असता, तर गुंथरचा विजय कणभरही कमी झाला नसता. उलट प्रेक्षक रडले असते, ओरडले नसते.

---

शंकेखोर

ठरवून खेळलेली नुरा कुस्ती, त्यावर एवढा खल? सगळं खोटं आहे हो.

---

तालीमवाला

@शंकेखोर, वगातला राजा बी खोटाच असतोय, म्हणून बत्तावणी चालू असताना उठून जाता काय तुम्ही?

मी मातीतला माणूस. लहानपणी खासबागेत बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्यात. आमच्याकडं नुरा म्हणजे शिवी, कारण तिथं निकाली म्हणून तिकीट लावत्यात आणि आत फसवत्यात. ह्यांच्याकडं फसवणूक नाहीच, निकाल ठरल्याला सगळ्यांस्नी ठाव असतंय. मग बघायचं काय, तर कोण कुणाला कसं उचलून धरतंय. पडणाऱ्यानं नीट पडून दिलं तरच मारणारा पैलवान दिसतो.

मला विचाराल तर तो सीना हसला तिथंच मॅच संपली. टॅप नंतरचं. ते हसू मी आमच्या तालमीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादाच्या तोंडावर बघितलंय. नव्या पोराबरोबर खडाखडी करताना पोरानं पट काढून त्याला खाली घेतलं, तवा. राग नव्हता, लाज बी नव्हती. त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली, अंगावरची माती झाडली आणि लंगोट खुंटीला लावला.

---

नेव्हर_गिव्ह_अप_०५

तालीमवाले, लिहिलंय छान. पण तुमच्या वस्तादांनी पोराला वर आणलं. गुंथर पोर आहे का? १९८७चा जन्म, ३८ वर्षांचा बाप्या. दोनदा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट ६६६ दिवस ठेवलेला माणूस. त्याला सीनाच्या टॅपची काय गरज होती? त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये ओबा फेमी कोडीसमोर उभा होता. नव्या पोरांना त्या दिवशी संधी द्या असं म्हणे सीनानेच सुचवलं होतं. मग शेवटची मॅच ओबाला का नाही? देऊन जायचं तर ज्याच्याकडे नाही त्याला द्या.

---

आठवा_डाव

कारण पंचवीसेक मिनिटं ४८ वर्षांच्या माणसाला सांभाळून, त्याला तरुण दाखवत, शेवटपर्यंत लोकांना खुर्चीच्या टोकावर ठेवणं ओबाच्या आजच्या ताकदीबाहेरचं आहे. गुंथरला ते जमतं. त्याचा नुसता पंजा छातीवर बसतो तेव्हा तो आवाज बघा, मागच्या रांगेपर्यंत जातो. छाती लाल होते ती मेकअपने नाही.

आणि गुंथरला गरज होती. एप्रिलमध्ये रेसलमेनियाला त्यानेच जे उसोसमोर टॅप केलं होतं. जे उसोसमोर! जूनमध्ये बेल्ट परत घेतला तर ऑगस्टमध्ये सीएम पंककडे गेला. ६६६ दिवस कमावलेली दहशत कंपनीने एका उन्हाळ्यात फुंकून टाकली होती. ती परत आणायला एवढंच मोठं काहीतरी हवं होतं.

---

सातारकरीण

मी एरवी फक्त वाचते, पण आज राहवत नाही. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत बुकिंग आहे, हीट (प्रेक्षकांचा राग) आहे, रीत आहे. आमच्या घरात त्या सकाळी सात वर्षांचा मुलगा होता, डोक्याला पट्टी, दोन्ही मनगटांना नारिंगी रिस्टबँड. मॅच संपल्यावर त्याने मला विचारलं, "आई, तो म्हणाला होता ना हार मानायची नाही?" काय सांगू मी त्याला? फ्लेअर आणि मायकल्सची परंपरा?

या माणसाने ६५०हून जास्त आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण केल्यात, तो विक्रम आहे. ती मुलं दवाखान्याच्या खाटेवर तेच तीन शब्द धरून बसलेली असतात. त्यांच्याकडे बघून तरी लेखकाने हात आखडायला हवा होता. ऑस्टिनपंथी म्हणतात ते शंभर टक्के. बेशुद्ध पडू द्यायचं होतं.

---

पत्त्यातला_एक्का

+१ सातारकरीणताई. अवांतर: कुस्तीवाल्यांच्या ट्रम्प कार्डात (पत्त्यांचा खेळ) सीनाचा रँक कितवा होता कुणाला आठवतंय का? आमच्या वर्गात त्या पत्त्यासाठी डब्यातली पुरणपोळी जायची.

---

आठवा_डाव

ताई, तुमच्या मुलापुढे माझं काही चालणार नाही. तरी एक सांगतो, पटलं तर बघा. मॅचनंतर पंक आणि कोडी आपापले बेल्ट घेऊन रिंगमध्ये आले, ते सीनाच्या खांद्यांवर ठेवले. मग सगळे बाजूला झाले आणि त्याने बूट आणि मनगटावरच्या पट्ट्या काढून मधोमध ठेवल्या. वर जाताना मागे वळून सलाम ठोकला. २७ जून २००२ला कर्ट अँगलसमोर पहिल्यांदा आला तेव्हाही हरलाच होता की तो. हरला, पण त्या एका मॅचने लोकांच्या लक्षात राहिला.

ऑस्टिनपंथींचा मुद्दा मात्र माझ्या घशात अडकलाय. काल रात्री १९९७ची मॅच पुन्हा बघितली. बेशुद्ध पडणं ऑस्टिनला शोभलं कारण त्याला उद्या परत यायचं होतं, 'मी वाकलो नाही' हे त्याचं भांडवल होतं. सीनाला उद्या यायचंच नव्हतं. बेशुद्ध माणूस मनाने जात नाही, त्याला उचलून नेतात. टॅप करणारा स्वतः ठरवून जातो. मला ते हसू त्यासाठी पटतं. पण सात वर्षांच्या मुलाला हे समजावता येत नाही, हेही कबूल.

---

ऑस्टिनपंथी

वकिली उत्तम. पण मग ते हसू टोरंटोपासून नऊ महिने पेरायला हवं होतं. दमलोय, आता सोडायचंय, असं एखादं वाक्य, एखादी मॅच. पर्थमध्ये एजे स्टाइल्सबरोबरची मॅच बघा, तिथे तो खेळताना किती खूश होता! अख्ख्या दौऱ्यात तीच एक मॅच पैसे वसूल. ती बघून हा माणूस दोन महिन्यांत टॅप करणार असं कोणाला वाटलं असतं? शेवट बरोबर असेलही, तो कमावलेला नव्हता. म्हणून लोक ओरडले.

---

आठवा_डाव

म्हणजे चूक मार्चमध्येच झाली. मी पहिल्या पोस्टमध्ये दुसरं काय म्हणालो? 🙂

---

नेव्हर_गिव्ह_अप_०५

मार्च, डिसेंबर, दोन्ही. मी टॅप मानत नाही. माझ्या हिशेबात त्याचा हात घसरला.

---

सातारकरीण

ताजी बातमी कळवते. चिरंजीवांनी रिस्टबँड काढलेले नाहीत. आज शाळेतून आल्यावर विचारत होता, गुंथर भारतात कधी येणार, तिकीट केवढ्याला असतं. म्हटलं, कशाला रे? तर म्हणे, पहिल्या रांगेत बसून त्याला बोंब मारायची आहे.