शब्दचर्चा : ‘नॉर्मली क्लोज्ड’ व्हॉल्व्ह मराठीत कसा लिहावा?

अनुवादिका : दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्राच्या देखभाल-पुस्तिकेचे भाषांतर करत आहे. ‘नॉर्मली क्लोज्ड’साठी मी ‘सामान्यतः बंद झडप’ असे लिहिले, ते तपासणाऱ्या अभियंत्यांनी खोडून ‘विरामस्थितीत बंद’ केले. यंत्र चालू असतानाच्या सूचनांत ‘विराम’ हा शब्द मला खटकतो. जाणकारांचे मत हवे आहे.

तंत्रविशारद : अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे. ‘सामान्यतः’ म्हटले की वाचक ‘बहुतेक वेळा’ असा अर्थ घेतो. येथे वेळेचा संबंधच नाही. कॉइलला (वीज मिळाल्यावर व्हॉल्व्ह सरकवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) वीज नसताना स्प्रिंग व्हॉल्व्हला ज्या स्थितीत ढकलून ठेवते ती ‘नॉर्मल’, मग प्रत्यक्षात तो जवळजवळ सतत उघडा का असेना.

मला मात्र ‘बंद’ हाच शब्द अधिक धोक्याचा वाटतो. 3/2 व्हॉल्व्हला तीन वाटा आणि दोन स्थिती असतात. 1 क्रमांकाच्या वाटेने हवा येते, 2 मधून ती सिलिंडरकडे जाते आणि 3 ही वाट बाहेर उघडते. हा व्हॉल्व्ह बंद झाला की 1 अडते, पण त्याच क्षणी 2 आणि 3 जोडल्या जाऊन सिलिंडरमधली हवा फुस्सकन बाहेर पडते. 2/2 व्हॉल्व्हला बाहेरची वाटच नसते, त्यामुळे तो बंद झाल्यावर पुढची हवा जागच्या जागी कोंडून राहते. 50 मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये 6 बार दाबाची हवा कोंडलेली असेल, तर दट्ट्यावर सुमारे 120 किलो वजनाइतका जोर असतो. ‘व्हॉल्व्ह बंद केला आहे’ एवढे वाचून तेथे हात घालणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे.

विद्युतकर्मी : त्यात आमच्याकडचा अर्थ उलटा आहे. स्विच किंवा सेन्सरच्या ‘नॉर्मली क्लोज्ड’ संपर्कातून (कॉन्टॅक्टमधून) वीज वाहत असते, तर त्याच नावाचा व्हॉल्व्ह हवा अडवतो. मराठीत तर ‘बटण बंद’ म्हणजे वीज गेली. एकाच पुस्तिकेत सेन्सर आणि व्हॉल्व्ह दोन्ही असतील, तर दोहोंना ‘बंद’ लिहिणे मला मुळीच मान्य नाही.

शब्दनिष्ठ : ‘व्हॉल्व्ह’ कशाला? ‘झडप’ आहेच. ‘दाबाची हवा’ हाही ढोबळ प्रयोग आहे. पाणीही दाबाखाली असते, पण त्याचे आकारमान फारसे घटत नाही. 6 बारच्या गेज दाबाला (म्हणजे वातावरणाच्या दाबाहून 6 बार जास्त असताना) मात्र हवा सुमारे सातव्या हिश्श्यात सामावते. म्हणून ‘संपीडित’ हवे. ‘पिळणे’ हे आपले घरगुती क्रियापद ‘पीड्’ याच धातूचे आहे, आणि दाबून थंड केलेल्या हवेतून खरोखरच पाणी सुटते. याहून नेमका शब्द मिळणे कठीण.

तंत्रविशारद : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण यंत्रापाशी उभा असलेला माणूस ‘लाइनला हवा आहे का’ आणि ‘लाइनमध्ये पाणी येतंय’ असे बोलतो. पुस्तिका त्याच्यासाठी आहे. शिवाय झडप म्हटले की दाराची किंवा खिडकीची फळी डोळ्यांसमोर येते. स्पूल व्हॉल्व्हमध्ये तसे काही नसते. खाचा असलेला एक दांडा पुढे-मागे सरकतो आणि वाटा जोडतो किंवा तोडतो.

शब्दनिष्ठ : हृदयाच्या झडपांनाही दाराची फळी नसते, तरी त्यांच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. शब्द कामावरून रुळतो, आकारावरून नव्हे.

तंत्रविशारद : हृदयाची झडप प्रवाह एकाच दिशेने जाऊ देते. तो आमचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झाला. त्याला झडप म्हणायला माझी हरकत नाही. हवेची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हला तोच शब्द लावायला आहे.

अनुवादिका : दोन्ही बाजू पटतात, पण मला मजकूर द्यायचा आहे. 3/2 साठी ‘वीज नसताना पुरवठा बंद, निचरा खुला’ असे लिहिले तर चालेल का?

विद्युतकर्मी : ‘वीज नसताना’ उत्तम. हाताने किंवा पायाने चालवायच्या व्हॉल्व्हला मात्र ‘न दाबता’ लिहावे लागेल.

शब्दनिष्ठ : निचरा पाण्याचा होतो, हवेचा नव्हे. हवेसाठी ‘उत्सर्ग’ घ्यावा.

तंत्रविशारद : ‘उत्सर्ग’ कोणाला कळणार? निचऱ्याबद्दल मात्र सहमत आहे, कारण त्याच लाइनवरच्या फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी काढण्याचा नळ तळाशी असतो, आणि तो खरा निचरा. 3 क्रमांकाच्या वाटेला ‘एक्झॉस्ट’च राहू द्यावे.

शब्दनिष्ठ : मग ‘सुटवाट’ का नको?