फँटसी बास्केटबॉल: अनुभवी खेळाडूंच्या बळावर विजेतेपदासाठी संघ कसा बांधावा?

चौथा क्वार्टर (प्रश्न)

फँटसी बास्केटबॉलमध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या सामन्यांतील आकड्यांवर स्पर्धा होते. आमच्या 12 संघांच्या डायनेस्टी लीगमध्ये (जिथे खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवता येतात) माझा संघ दर वर्षी प्लेऑफपर्यंत पोहोचतो, परंतु अंतिम फेरी जिंकण्याइतका तो बळकट नाही. लीग नऊ कॅटेगरींची आहे: गुण, रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर मिळवलेला चेंडू), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला नेम), थ्री-पॉइंटर (दूरवरून साधलेला तीन गुणांचा नेम), टर्नओव्हर (गमावलेला चेंडू), आणि फील्ड गोल (चालू खेळातील नेम) व फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम) यांची टक्केवारी. पद्धत हेड-टू-हेड आहे, म्हणजे दर आठवड्याला दोन संघांची एकेका कॅटेगरीत तुलना होते. दहा खेळाडू सक्रिय, तीन राखीव, जखमी खेळाडूंसाठी दोन जागा आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बदल, असे नियम आहेत. प्लेऑफ मार्चच्या उत्तरार्धात सुरू होऊन तीन आठवडे चालतात, म्हणजे अंतिम लढत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते.

माझ्याकडे दोन गुणी तरुण खेळाडू आणि पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील हक्क) आहेत. लीगमधील बहुतेक व्यवस्थापक पंचविशीच्या आतल्या खेळाडूंच्या मागे लागलेले असल्यामुळे पस्तिशी ओलांडलेल्यांची ट्रेडमधील (खेळाडूंच्या अदलाबदलीतील) किंमत इतकी उतरली आहे, की मैदानावरच्या त्यांच्या कामगिरीशी तिचा मेळच बसत नाही. 2024-25 च्या हंगामात लेब्रॉन जेम्सने 70 सामन्यांत सरासरी 24.4 गुण, 7.8 रिबाउंड आणि 8.2 असिस्ट नोंदवले, आणि याच हंगामात त्याने वयाची 40 वर्षे पूर्ण केली. स्टीफन करीनेही 70 सामने खेळून सरासरी 24.5 गुण मिळवले, केव्हिन ड्युरंटची सरासरी 26.6 होती, तर जेम्स हार्डन 79 सामने खेळला आणि त्याने सामन्यामागे 8.7 असिस्ट दिले. हे खेळाडू दुसऱ्या कोणत्याही वयाचे असते, तर त्यांच्यासाठी लीगमध्ये चढाओढ लागली असती.

तरुण खेळाडू आणि पिक देऊन यांपैकी तीन-चार जणांना एकत्र आणावे आणि येत्या हंगामात सर्व ताकदीनिशी विजेतेपदासाठी खेळावे, असा माझा विचार आहे. असा संघ मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो का, आणि टिकावा म्हणून निवड कोणत्या निकषांवर करावी, याविषयी अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

आकडेमोड (प्रतिसाद)

आपल्या विचाराला माझा पाठिंबा आहे. डायनेस्टी लीगमध्ये विजेतेपदाची संधी दिसत असताना भविष्याची साठवण करत बसणारे संघ वर्षानुवर्षे ‘उद्याचे दावेदार’ राहतात. मात्र ‘अनुभवी’ हा एकच गट मानून त्यातून नावे उचलू नयेत, कारण हंगामाची सरासरी आणि आपल्या अंतिम फेरीतील उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मार्च 2025. लेब्रॉन जेम्सला 8 मार्चला बॉस्टनविरुद्ध जांघेची दुखापत झाली आणि तो सुमारे दोन आठवडे बाहेर राहिला. डेमियन लिलार्डच्या पोटरीत रक्ताची गुठळी आढळल्याने त्याचा नियमित हंगाम मार्चमध्येच संपला. ड्युरंटचा घोटा 30 मार्चला मुरगळला आणि त्यानंतर त्या हंगामात तो खेळलाच नाही. म्हणजे या तिघांवर उभा असलेला संघ फेब्रुवारीअखेर लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर असता, तरी आपल्या प्लेऑफच्या तीन आठवड्यांत त्याला हे तिघे एकत्र क्वचितच मिळाले असते. त्याच हंगामात हार्डनचे 79, डीमार डीरोझनचे 77 आणि ब्रूक लोपेझचे 80 सामने झाले. हे तिघेही पस्तिशीचे किंवा त्यापुढचेच होते. फरक वयाचा नव्हता. त्यामुळे प्रत्येक खेळाडूचे गेल्या तीन हंगामांतील सामने, दुखापतीचे स्वरूप आणि ती पुन्हा उद्भवली का, हे आधी पाहावे. कवाय लिओनार्ड 2021-22 मध्ये एकही सामना खेळला नाही, त्यानंतर 52, 68 आणि 37 सामने खेळला. अशा खेळाडूची प्रतिसामना कामगिरी कितीही मोहक असली, तरी तीन आठवड्यांच्या प्लेऑफसाठी त्याच्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा विश्रांतीच्या नियमाचा आहे आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. 2023-24 पासून एनबीएने तारांकित खेळाडूंना विनाकारण बसवण्यावर निर्बंध आणले. परंतु हंगामाच्या सुरुवातीला 35 वर्षे पूर्ण केलेल्या, किंवा नियमित हंगामांत 34,000 मिनिटे खेळलेल्या, किंवा एनबीएचे प्लेऑफ धरून 1,000 सामने झालेल्या खेळाडूंना सलग दोन दिवसांच्या सामन्यांपैकी एक सामना पूर्वपरवानगीने वगळता येतो. आपण उल्लेख केलेले चौघेही या सवलतीत बसतात. प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात असे सलग सामने सुमारे 15 वेळा येतात. म्हणून या खेळाडूंच्या संघांचे वेळापत्रक समोर ठेवून आपल्या प्लेऑफच्या तीन आठवड्यांत असे सलग सामने किती वेळा येतात हे मोजा, आणि अशा प्रत्येक वेळी एक सामना हातचा गेला असे गृहीत धरा. कागदावर चार सामन्यांचा दिसणारा आठवडा प्रत्यक्षात तीन सामन्यांचा निघाला, तर गुण, थ्री-पॉइंटर आणि असिस्ट या तिन्ही कॅटेगरींत आपण एकदम मागे पडतो.

तिसरी गोष्ट भूमिकेची. या वयात कौशल्य हळूहळू उतरते, पण खेळायला मिळणारी मिनिटे एका उन्हाळ्यात निम्मी होऊ शकतात. ख्रिस पॉल 2024-25 मध्ये स्पर्सकडून सर्व 82 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि त्याने सरासरी 7.4 असिस्ट दिले. ती कामगिरी थक्क करणारी होती, परंतु 2025 मध्ये क्लिपर्समध्ये तो त्याच भूमिकेसाठी गेला नव्हता. लोपेझचेही तसेच होते, कारण तेव्हा क्लिपर्समध्ये त्याच जागी खेळणारा इव्हिका झुबाट्स असल्याने त्याला मिलवॉकीइतकी मिनिटे मिळण्याची शक्यता नव्हती. संघ बदललेल्या अनुभवी खेळाडूचे जुने आकडे पाहून सौदा करणे सर्वांत महागात पडते.

रिबाउंडप्रेमी (प्रतिसाद)

वरील प्रतिसादातील वेळापत्रकाचा मुद्दा मोलाचा आहे. मात्र मार्च 2025 च्या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष मला एकांगी वाटतो. त्याच हंगामात व्हिक्टर वेम्बन्यामा अवघ्या 21 वर्षांचा असूनही खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे फेब्रुवारीनंतर खेळू शकला नाही आणि त्याचे 46 सामनेच झाले. त्याच्याभोवती उभारलेल्या डायनेस्टी संघांचीही अंतिम फेरीत तीच अवस्था झाली. शिवाय हंगामाच्या अखेरीस ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) वरचा क्रमांक मिळावा म्हणून हरण्याकडे झुकलेले संघ चांगल्या तरुण खेळाडूंनाही बसवून ठेवतात. त्यामुळे तारुण्य म्हणजे उपलब्धतेची हमी, हे गृहीतकच तपासून पाहावे लागेल.

माझ्या मते वयापेक्षा एनबीए संघाचे गुणतालिकेतील स्थान अधिक महत्त्वाचे आहे. प्ले-इन (सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांत प्लेऑफच्या अखेरच्या जागांसाठी होणारे सामने) आल्यापासून सहाव्या ते दहाव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळणाऱ्या संघाला एप्रिलपर्यंत प्रत्येक सामना हवा असतो, आणि अशा संघाचा मुख्य खेळाडू 37 वर्षांचा असला तरी त्याला खेळावे लागते. 2024-25 मध्ये करीचा संघ वॉरियर्स सातव्या क्रमांकावर राहिल्यामुळे प्ले-इनमध्ये गेला. याउलट, ज्याचे स्थान मार्चच्या मध्यालाच पक्के झाले आहे असा संघ आपल्या ज्येष्ठ खेळाडूंना बिनदिक्कत विश्रांती देतो. म्हणून चार अनुभवी खेळाडू घ्यायचे असतील, तर त्यांतील किमान दोघे अशा चुरशीच्या संघांतून घ्यावेत.

निवडीचा दुसरा निकष कॅटेगरींचा असावा, आणि या प्रश्नात त्याचा उल्लेखच आलेला नाही याचे आश्चर्य वाटते. अनुभवी खेळाडूंची खरी ताकद गुणांत नसून टक्केवारीत आहे. करीने 2024-25 मध्ये 93.3 टक्के फ्री थ्रो साधले आणि सामन्यामागे 4.4 थ्री-पॉइंटर टाकले. ड्युरंटचा फील्ड गोल 52.7 टक्के आणि फ्री थ्रो 83.9 टक्के होता. निकोला व्हुचेविचने 73 सामन्यांत 18.5 गुण, 10.1 रिबाउंड आणि 53 टक्के फील्ड गोल दिले, तेही तीन गुणांच्या रेषेबाहेरून 40 टक्के अचूकता राखून. तरुण गार्ड गुण भरपूर देतात, पण त्यासाठी ते बरेच नेम चुकवतात आणि चेंडूही गमावतात.

अर्थात हे चित्र सगळ्यांना लागू नाही. हार्डनचा फील्ड गोल 41 टक्के आणि टर्नओव्हर सामन्यामागे 4.3 होते, जेम्सचे टर्नओव्हरही 3.7 होते. हे दोघे एकत्र घेतले तर टर्नओव्हरची कॅटेगरी सोडून द्यावी लागेल, आणि ती जाणीवपूर्वक सोडायला माझी हरकत नाही, कारण नऊपैकी पाच कॅटेगरी जिंकल्या की आठवडा आपला. हार्डन, जेम्स, करी ही रचना असिस्ट, थ्री-पॉइंटर, गुण आणि फ्री थ्रो या चार ठिकाणी लीगमधील कोणालाही भारी पडेल. पाचव्या कॅटेगरीसाठी व्हुचेविचसारखा रिबाउंड मिळवणारा सेंटर हवा. ब्लॉक आणि स्टील ज्येष्ठांकडे शोधू नयेत, तिथे ताजे पाय लागतात.

चौथा क्वार्टर

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. कॅटेगरींच्या बाजूने विचार केल्यावर माझ्या यादीत ड्युरंटऐवजी व्हुचेविच अधिक योग्य वाटू लागला आहे, कारण त्याची किंमत पुष्कळ कमी आहे. एक प्रश्न उरतो: हे सौदे हंगाम सुरू होण्यापूर्वीच करावेत, की लीगची ट्रेडची मुदत जवळ येईपर्यंत थांबावे? आमची मुदत फेब्रुवारीच्या मध्याला संपते.

राखीव खेळाडू (प्रतिसाद)

सगळे सौदे एकदम करू नयेत, असे मी ठामपणे सुचवीन. अनुभवी खेळाडूची किंमत हंगामभर एका दिशेने चालत नाही. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक व्यवस्थापकाला आपला संघ जिंकणार असे वाटत असते आणि म्हणून तो करीला सोडत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तळाच्या चार-पाच संघांना आपले भवितव्य कळलेले असते आणि त्यांना पुढच्या वर्षीच्या पिकची भूक लागते. सर्वांत चांगले भाव तेव्हापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मिळतात. फेब्रुवारीत पुन्हा स्पर्धा वाढते, कारण आपल्यासारखेच तीन-चार दावेदार त्याच खेळाडूंच्या मागे असतात.

या थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. जानेवारीपर्यंत कोणता एनबीए संघ प्ले-इनच्या चुरशीत राहणार आणि कोणता हार पत्करणार, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि वर मांडलेला गुणतालिकेचा निकष तेव्हाच खऱ्या अर्थाने वापरता येतो. ऑक्टोबरमध्ये तो केवळ तर्क असतो. अपवाद फक्त एका खेळाडूचा करावा: ज्याच्यावर आपली पूर्ण रचना उभी राहणार आहे, तो आत्ताच घ्यावा, म्हणजे उरलेली जुळवाजुळव त्याच्या कॅटेगरी पाहून करता येईल. आपल्या बाबतीत तो हार्डन असावा. तो सामने चुकवत नाही, आणि वेव्हरवर (कोणत्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीत) काहीही मिळाले तरी रोज आठ-नऊ असिस्ट देणारा खेळाडू तिथे कधीच सापडत नाही.

दोन्ही पिक आणि दोन्ही तरुण खेळाडू एकाच हंगामासाठी देऊन टाकणे मात्र मला मान्य नाही. उन्हाळा आला की 37-38 वर्षांच्या खेळाडूला डायनेस्टीच्या बाजारात कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी दिलेले सर्व काही खर्ची पडले असेच समजावे. दोन तरुणांपैकी जो स्टील आणि ब्लॉक देतो तो ठेवावा, कारण ज्येष्ठांच्या संघात नेमकी तीच उणीव असते. दुसरा तरुण आणि जवळच्या वर्षाचा पिक एवढ्यात, विशेषतः जानेवारीत, आपल्या यादीतील आणखी दोघे मिळायला हवेत. आपला संघ पहिल्या तिघांत राहणार असेल तर तो पिक तसाही पहिल्या फेरीच्या अखेरीला येईल, त्यामुळे तो देताना हात आखडता घेऊ नये.

शेवटची सूचना राखीव जागांविषयी. तीन राखीव जागांपैकी किमान एक जागा प्लेऑफच्या आठवड्यांत रिकामी करता येईल अशीच ठेवावी, म्हणजे आठवड्याचे तीन बदल तिथेच वापरता येतील. एखाद्या ज्येष्ठाला सलग सामन्यांपैकी दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळणार असे दिसले, तर त्या दिवशी खेळणारा बचावपटू वेव्हरवरून आदल्या रात्रीच उचलावा. सामन्याच्या दिवशी दुपारी दुखापतींचा अहवाल येईपर्यंत थांबल्यास तोच खेळाडू प्रतिस्पर्ध्याने उचललेला असतो. जखमींच्या दोन जागा मार्चपूर्वी कोणत्याही तरुण खेळाडूने अडवून ठेवू नयेत. या संघाला त्या जागांची गरज पडणार हे धरूनच चालावे.