आजोबांच्या ट्रंकेत निघालेली ही कागदी घडी कसली?

गिरगावकर_७
घर रिकामं करताना ट्रंकेत एक चपटी घडी निघाली. आजोबा मालवाहू जहाजावर होते, तेव्हा कुठल्याही बंदरातली असू शकते. कागद झिरझिरीत पण कडक, हात लावला की कुरकुरतो. लाल-पिवळे-हिरवे-पांढरे उभे पट्टे. दोन्ही टोकांना रुपेरी कागदाची टिकली, पैकी एकीला मधोमध बारीक भोक. आई आकाशकंदील म्हणते, पण दिवा ठेवायला जागाच नाही!

रद्दीप्रेमी
कंदील नव्हे हो, फुगा! जपानी कामिफूसेन. भोकातून फुंकर मारायची आणि तळहातावर टोलवायचा. गंमत म्हणजे भोक बुजवायचं नसतं. मग हवा निघून जाईल असं वाटतं ना? पण टोलवता टोलवता चेपलेला फुगा उलट तट्ट होत जातो. कागद म्हणजे ग्लासीन, पातळ गुळगुळीत चकचकीत कागद, म्हणून ती कुरकुर.

तुमचा गोल, म्हणजे दुकानातला. चौकोनी ठोकळ्यासारखा असता तर मी उडीच मारली असती. जपानातल्या तोयामाचे औषधविके घरोघरी औषधांची पेटी ठेवून जात, पुढच्या फेरीला वापरलेल्या औषधांचेच पैसे घेत आणि पोरांच्या हातात असा फुगा देत. उधारीचा धंदा करावा तर असा.

गिरगावकर_७
भारीच! वय कसं ओळखायचं? पाकिटावर इंग्रजीत 'मेड इन जपान' आहे.

रद्दीप्रेमी
'ऑक्युपाइड जपान' असतं तर काम सोपं होतं, तो शिक्का अमेरिकी अमलातला, म्हणजे १९५२ च्या आतला. नुसत्या 'जपान'वरून काही ठरत नाही, हे फुगे आजही बनतात. आजोबांची जहाजाची कागदपत्रं असतील तर त्यातल्या तारखा बघा, पाकिटापेक्षा त्या जास्त बोलतील.

सानिका_निगाता
आमच्या निगाता प्रांतातल्या इझुमोझाकी गावात हे बनतात. मूळचं कोळ्यांचं गाव. हिवाळ्यात समुद्र खवळला की घरात बसून करायचं काम. एकेक पाकळी हातानं चिकटवतात.

रद्दीप्रेमी
@गिरगावकर, फुगवून बघायचा मोह आवरा. जुनी खळ सुटते आणि घडीवरच कागद तडकतो. सेलोटेप तर अजिबात नको, डाग जन्मभर राहतो. किंमत विचाराल तर फार येणार नाही, विकू नका. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र टाका.